मिठाची काच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

जालन्यात मी केमिस्ट्री शिकवतो. त्याआधी इथल्याच एका कॉलेजात संशोधन करायचो. पाण्यात मीठ विरघळलं की त्याचे आयन भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. ती पकड किती घट्ट, हे रेणूंच्या थरथरण्यावरून कळतं, आणि ते थरथरणं इन्फ्रारेडचं मशीन टिपतं. यातला मोठा जाणकार मी — असं मीच म्हणायचो.

नसरीन माझ्यासोबत याच कामावर होती. मी केदारखेड्याचा, ती भोकरदनची. भोकरदनला एसटीत बसली की ती माझ्यासाठी जागा धरायची; मी पुढे केदारखेड्याला चढायचो.

मशीनमध्ये नमुना दोन काचांच्या मध्ये भरतात. आमच्याकडे एक जोडी पाण्यासाठी होती. दुसरी चक्क मिठाच्या पारदर्शक स्फटिकाची — तिला ओलं बोटसुद्धा लावायचं नाही. त्या दुपारी घाईत मी मिठाच्या काचांतच पाण्याचा नमुना भरला. मीठ पाण्यात विरघळतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग मला का कळू नये? काचांची पार वाट लागली. मी त्या गुपचूप डबीत ठेवून दिल्या.

मशीनला हात लावण्याआधी वहीत नाव लिहायची पद्धत होती. मी लिहिलं नव्हतं. शेवटचं नाव नसरीनचं होतं, सकाळचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गाईड सरांनी डबी उघडली आणि सगळ्यांसमोर तिला उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "सर, म्या काचा बराबर पुसून ठेवल्त्या. पाणी न्हाई लावलं." मग सरांनी मला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं — मी तिची बाजू घेणार, याची तिला खात्री होती.

मी काय म्हणालो?

"वहीत शेवटचं नाव तिचंच आहे, सर."

शब्द न् शब्द खरा! हीच तर माझी हरामखोरी — खोटंसुद्धा मी धड बोललो नाही. सरांनी तिला मशीन बंद केलं. महिन्याभरात तिनं संशोधन सोडलं. मला पदवी मिळाली, हार मिळाले, आणि मी ते गळ्यात घालून घेतले.

आता दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मिठाची काच हातात धरून मी सांगतो, एका मुलीनं अशा काचांचं पाणी केलं होतं. पोरं हसतात. मीही हसतो.

यंदा मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, कोण होती ती मुलगी?

मी नाव सांगितलं. नसरीनचं.