मामांचे एकतीस ठोंब

माझ्या थोरल्या मामांवर गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, भरदिवसा अन्याय झाला. करणारे दोन: सालवडमधल्या आमच्या वसाहतीची स्वच्छता समिती आणि मी.

मामांइतका नाकाने जगणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. तारापूरच्या एका सुगंधी तेलांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. त्या पट्ट्यातल्या हवेत भल्याभल्यांची नाकं मरतात; यांचं धारदार झालं. निवृत्तीनंतर घरामागच्या मोकळ्या पट्टीत त्यांनी गवती चहा लावला. एकतीस ठोंब, एकतीस परसांतले. पाहुण्याला पाणी नंतर, आधी हातात चुरगळलेली पात. "दिसाया सगले सारके, पन रगत येगला," ते समजावत. "याचा तेल लिंबावर जातो, त्याचा गुलाबावर. आन ह्यो नुस्ता उंच, आपल्या अध्यक्षासारका."

थोरल्या भावासाठी मुलगी बघायला दातिवऱ्याला गेलो, तर मामा थेट मोरीमागे. पोहे आले तेव्हा हे तिथल्या गवती चहाचा मुळासकट फुटवा घेऊन दारात उभे. "पोरगी तुमी बगा. माजा काम झाला." लग्न जमलं, आणि फुटलेल्या कौलावर तैलरंगाने पाटी लागली: 'दातिवरे, सूनबाईची मोरी.' अशी प्रत्येक ठोंबाला पाटी.

मी मात्र पत्रकं काढत होतो. 'वसाहतीतल्या रानटी गवताचा आठ दिवसांत निकाल लावा!' माझ्या डोळ्यांसमोर गटाराकडेचं गवत होतं. समितीने माझ्या एकाही पत्रकाला कधी भीक घातली नव्हती. हे एकच मानलं, तेही चौथ्या दिवशी, मामांच्या पट्टीवर बुलडोझर फिरवून. कौलांसकट. मामा झेंडू आणायला बाजारात गेले होते.

मी भांडलो. समितीने भरपाई म्हणून रोपवाटिकेतल्या एकतीस पिशव्या पाठवल्या, फोटोही काढून घेतला. मामांनी एकेक पात चुरगळली, शेवटच्या पिशवीपर्यंत. "भाच्या, ही एकतीस नाय. एकाच ठोंबाची पोरं. ह्यो एकच हाय, एकतीस येला." त्यांनी एक लावला, तीस परत पाठवले.  

काही ठोंब पुन्हा मिळतील. वैतरणा स्टेशनामागचा मिळणार नाही. ते परसच आता उरलेलं नाही.

तेव्हा मागणी तुमच्याकडे आहे. तुमच्या मोरीमागचा एक फुटवा, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून सालवडला आणून द्या. विकतचा नको. 'आमच्याला काही खास वास नाही' म्हणून घरी ठेवू नका. ते मामा ठरवतील. कुणाच्या हातचा आहे, तेवढं सांगा. मामा त्या एका ठोंबाबरोबर उरलेल्या मोकळ्या पट्टीलाही रोज सकाळी पाणी घालतात, आणि मला ते बघवत नाही. लवकर आणा.