तायडे मास्तरांचा तलवार मासा

तायडे मास्तर हजेरी घेताना आमची नावं वाचत नसत. विज्ञानाच्या खोलीत समुद्रातल्या प्राण्यांचा तक्ता होता. त्यातला एकेक प्राणी त्यांनी आम्हाला वाटून दिला होता. माझं नाक बघून त्यांना फार विचार करावा लागला नाही. "तू तलवार मासा!" मोताळ्याजवळच्या आमच्या गावात समुद्र कुणीच पाहिला नव्हता, मास्तरांनीही नाही.

नाव एकच, पण त्याचे अर्थ ते गरजेप्रमाणे काढत. मी दुसऱ्यांच्या भांडणात पडलो की, "काऊन बे तलवार, नाक खुपसून राह्यला?" शर्यतीत शेवटून दुसरा आलो तेव्हा म्हणाले, "हा मासा लय तेज पोहते म्हणतात. पुस्तक चुकलं असन." पुढे मी शिकून त्याच शाळेत शिक्षक झालो आणि मधल्या सुट्टीत इतर शिक्षकांसमोर संस्थेविरुद्ध मोठमोठ्या गर्जना करू लागलो. तेव्हा चहाची बशी खाली ठेवून त्यांनी आणखी एक अर्थ सांगितला. "मोठेपणी याचे दात पडून जातात, बापू. तलवार तेवढी राह्यते." सगळे हसले. मीही हसलो, कारण मला तो विनोद वाटला.

मग कापसाचा हंगाम आला. संस्थेच्या अध्यक्षांना कापूस भरायला विज्ञानाची खोली हवी होती. मास्तरांनी किल्ली दिली नाही. "पोट्टे काय सरकीवर बसून शिकतीन?" झालं, त्यांना काढायला सभा बोलावली. आदल्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर छाती ठोकून सांगितलं, "मी बोलतो. तुम्ही काळजी करू नका." सभेत अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचं आहे?" मी घसा साफ केला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी मागितलं.

मला अजून त्याची लाज वाटते. मास्तर गाव सोडून निघाले तेव्हा एस.टी.ची वाट बघत ट्रंकेवर बसले होते. मी माफी मागायला गेलो, तर तेच माझी समजूत घालू लागले. "तू बोलला असता तं दोघंही गेलो असतो. तुह्या घरी लेकरं हायेत. माहा वर्ग तुलेच द्या म्हणून सांगून आलो मी." त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गावर गेलो. खोलीत छतापर्यंत कापूस होता, म्हणून मुलं बाहेर निंबाखाली बसली होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, तायडे मास्तर काऊन गेले?"

"पुस्तक उघडा," मी म्हणालो.