शहाण्णव तासांचा कागद

तो रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. अमेरिकेत शिकागोजवळचं नेपरव्हिल, २००४चा हिवाळा. टेबलाशी बसून मी आणि बायको मेथी निवडत होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. पुढच्या शनिवारी तिचं हृदय बंद पडलं. पण त्या रविवारी ती हसत होती, आणि चोरीची केस तिनेच सोडवली.

मी इथल्या पोलिसात शिपाई. शिक्षण जेमतेम बारावी, निवृत्त होईपर्यंत गस्तच घातली. एका घराची काच फोडून दागिने नेले होते. काचेवर रक्त होतं. संशय त्या घरमालकाशी भांडून खोली सोडलेल्या नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरावर. त्याच्या हाताला पट्टी होती. न्यायाधीशांनी त्याच्या डीएनए नमुन्याचं वॉरंट दिलं, शुक्रवारी सकाळी दहाला. इलिनॉयचा कायदा असा की शहाण्णव तासांत बजावा, नाहीतर कागद रद्द. तपास अधिकाऱ्याने फोनवर हे सांगून त्याला बोलावलं, आणि पोरगा गायब! पळाला म्हणजे चोरच, असं सगळे म्हणू लागले. अशाने नोकरी जाते, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला.

मेथी निवडतानाच, इथेच राहणाऱ्या मूळ पुण्याच्या एका काकूंचा फोन आला. त्यांना गोळाभाताची कृती हवी होती. फोन ठेवून बायको म्हणाली, "आमटीत गूळ कमी पडला तरी नाक मुरडणारी बाई ही. हिला आपल्या नागपूरकडचा गोळाभात कशाला? अहो, तुमचा चोर तिच्याकडे जेवतोय!"

तपास अधिकाऱ्याला घेऊन तसाच गेलो. काकूंनीच दार उघडून आत बोलावलं. पोरगा सोफ्यावर, लॅपटॉपवर उलटे तास मोजणारं घड्याळ लावून बसलेला.

"काका, एक्स्पायर व्हायला बेचाळीस तास राहिलेत. मग केस क्लोज ना?"

"गाढवा, कागद एक्स्पायर होतो, संशय नाही. न्यायाधीश दुसरा देतील. चोरी केलीस?"

"नाही हो! कांदा कापताना लागलं."

"मग लपलास कशाला?"

"रक्त काढतील ना? सुई बघूनच चक्कर येते यार."

"काका पण आणि यार पण? चूळ भर. तोंड उघड."

कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली, वेळ लिहिली. झालं.

महिन्याने अहवाल आला. रक्त त्याचं नव्हतं. पोरगं फोनवर रडलं. घरात मी एकटा, तरी मोठ्याने हसलो.

निर्दोष माणूस घाबरला की चोरासारखाच वागतो, हे मी तेव्हा शिकलो. मुदत असते ती पोलिसांनी हयगय करू नये म्हणून. त्याला वाटलं, आपण लपून काढायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेश चढवला, त्याच्या ऑफिसात गेलो आणि त्याच्या साहेबासमोर, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "रक्त या पोराचं नाही."