कानातले खडे

“डोळे मिटायचे नाहीत. फिरलं तर फिरू दे, मी धरलंय,” असं म्हणत आमच्या कानाच्या डॉक्टरीणबाई पेशंटचं डोकं दोन्ही तळव्यांत घ्यायच्या. वसईच्या बाजूला ज्यांना कधी चक्कर आली असेल, त्यांना ते हात आठवत असतील.

मला ते ठाऊक झाले, ते मी वाडीत पडले म्हणून. सांडोरला आमची केळीची वाडी. मान वर करून घड बघावा तर आभाळच गरगरायचं. एकदा तशीच आडवी झाले. मग काय, सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणे पित्त, कुणी म्हणे नजर. लेकाचं मात्र ठरलं होतं. “आई, बास झालं. वाडी कुणाला तरी कसायला देऊ. तू नायगावला आमच्याकडे चल.”

लेक-सून गुणी आहेत, वाद नाही. पण त्या उंचावरच्या बाल्कनीत मी तुळशीखेरीज लावणार काय? नवरा गेल्यापासून वाडीनंच मला उभं ठेवलं होतं. ती सुटणार म्हणून मी रडले, सांगायला लाज कसली!

डॉक्टरीणबाईंकडे लेकच घेऊन गेला. त्यांनी माझी मान वळवून मला धाडकन पाठीवर झोपवलं. खोली भिंगरीसारखी फिरली. मी त्यांना दोन शिव्या हासडल्या. त्या आपल्या माझ्या डोळ्यांत टक लावून बघत होत्या. “उजवा कान. सापडला चोर.”

“कान?” मी म्हटलं. “मला तर सून शेजारच्या खोलीत पुटपुटते तेसुद्धा ऐकू येतं.”

लेक खोकला. त्या खळखळून हसल्या. “मावशी, ऐकणं हे कानाचं एक काम. तोल सांभाळणं दुसरं.”

कानात पार आत तीन वाकड्या बारीक नळ्या असतात, पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या. डोकं वळलं की तो हलतो आणि मेंदूला खबर जाते. शेजारीच चुन्याचे इवलेसे खडे चिकटलेले असतात. ते सुटून नळीत शिरले, की आपण जागेवर असलो तरी कान सांगतो, फिरतोय.

“वाडीच्या पाटात खडे आले तर खडे काढतात. वाडी सोडून जात नाहीत,” त्या म्हणाल्या, लेकाकडे बघत.

मग डोकं हळूहळू दुसरीकडे वळवलं, मला कुशीवर केलं, थांबल्या, उठवून बसवलं. गोळी नाही, सुई नाही. खोली जागेवर आली.

“हे पुन्हा होऊ शकतं,” म्हणत त्यांनी लेकाला पुढे बोलावलं. “या, तुम्ही शिका.” त्यानं आधी माझं डोकं भलत्याच बाजूला वळवलं. बाहेर पेशंट ताटकळलेले, तरी त्याला नीट जमेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. हातचा पेशंट असा घालवणारी डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही.

पुढे मी त्यांना वेलची केळी नेऊन द्यायची. एक खायच्या, बाकीची बाहेर वाटायच्या. “चक्करवाले उपाशी येतात बिचारे.”

गेल्या वर्षी त्या गेल्या. बंद दवाखान्यासमोर मी बराच वेळ उभी होते. त्यांच्यामुळे मी माझ्या घरात, माझ्या वाडीत राहिले. त्यांचे उपकार कसे फेडायचे?

यंदा थंडीत घर पुन्हा फिरू लागलं. लेक नायगावहून धावत आला. खाटेपाशी बसून त्यानं माझं डोकं हातांत घेतलं. त्याचा चेहरा गरगरत होता, मग हळूहळू थांबला. त्यानं मला उठवून बसवलं. आता हा नायगावचं काढणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

“आई,” तो म्हणाला, “नवीन केळी कुठल्या बाजूला लावायच्यात?”