टॅबलेटचा पोटखराबा

धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी तिला टॅबलेट घेऊन दिला. तिच्या कॉलेजात तासांचे व्हिडिओ देतात आणि आमच्या वाडीत नेटवर्क फक्त विहिरीच्या काठावर येतं. तेव्हा व्हिडिओ कॉलेजातच उतरवून घ्यायचे आणि घरी बसून बघायचे, असा बेत होता. भरपूर मावलं पाहिजे म्हणून मी बत्तीस जीबीचा सोडून चौसष्ट जीबीचा निवडला. स्टेशनजवळच्या दुकानात पंधरा मिनिटांत खरेदी उरकली.

घरी आल्यावर आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आधी खोकं हातात घेतलं. आबा सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे मात्र त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. खोक्यावर मोठ्या अक्षरात चौसष्ट होतं. हे कसलं, असं त्यांनी विचारलं. यात किती मावतं त्याचं माप, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खोकं खाली ठेवलं. तेवढ्यात बहिणीने सेटिंग उघडून मोठ्याने वाचलं, "ताई, यात तर शेहेचाळीसच मोकळे दाखवतंय."

मी तिच्याकडे डोळे वटारले, पण उशीर झाला होता. आबांनी खोकं पुन्हा उचललं होतं.

माप आणि आबा यांचं जुनं दुखणं आहे. मी पाचवीत असताना त्यांनी वाडीच्या विहिरीसाठी मोटर घेतली होती. तिच्या पत्र्यावर तीन हॉर्सपॉवर असं लिहिलेलं होतं. दोन महिन्यांत ती जळाली, आणि दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं की आतला माल दीडाचा आहे. आबा दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने एक इंग्रजी कागद पुढे केला आणि खालची त्यांची सही दाखवली. ते न भांडता परत आले. त्या दिवशी ते आईला एवढंच म्हणाले की या पोरीला शिकवायची, म्हणजे या घराला पुन्हा कोणी असं बनवणार नाही. पुढे नातेवाईक माझ्यासाठी स्थळं आणायला लागले तेव्हाही ते या बोलण्यावरून हलले नाहीत. चिखलाचे पाय धुऊन माझी फी भरायला ते स्वतः कॉलेजात येत. आमच्या घरात मी पहिली पदवीधर झाले ती त्यांच्या त्या हट्टामुळे, आणि हे मी एक दिवसही विसरलेले नाही.

म्हणून त्या संध्याकाळी प्रश्न टॅबलेटचा नव्हताच. मला दुकानदाराने बनवलं असेल, तर आबांनी मला शिकवून काय मिळवलं, हा प्रश्न होता. ते तसं बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "अठरा कुठं गेले?"

मी म्हणाले, "असंच असतं, आबा. मला माहीत होतं. घेतानाच माहीत होतं."

मला काहीही माहीत नव्हतं. चहा टाकते असं सांगून मी स्वयंपाकघरात गेले, दूध तापत ठेवलं आणि मागच्या दाराने विहिरीवर जाऊन ते उतू जाईपर्यंत मोबाइलवर शोधत उभी राहिले. मग कप घेऊन बाहेर आले आणि जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सगळं सांगितलं. कारणं दोन. एक, टॅबलेट चालवणारी जी मूळ यंत्रणा असते ती स्वतःच जागा घेते, शिवाय कंपनीने आधीच भरलेले ॲप असतात. दुसरं म्हणजे मोजण्याची रीत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि यंत्र एक हजार चोवीसच्या पटीत. त्यामुळे कंपनीचे चौसष्ट यंत्राच्या मोजणीत साठाच्याही आत येतात. तिथेच चारेक गेले, आणि उरलेले तेरा-चौदा यंत्रणेने खाल्ले.

मला वाटलं, विषय संपला. पुढचे पंधरा दिवस तो विषय आमच्या घरात पाहुण्यासारखा मुक्काम करून राहिला.

सकाळी मी डबा भरत असताना आबा दारात उभे. कंपनीचं हजार आणि यंत्राचं हजार वेगळं कसं? मी समजावलं. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच, मग कंपनीचं हजार लहान म्हणायचं की यंत्राचं मोठं? मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले की आपण शेकडा केळी देतो तेव्हा वर पाच घालतो, आणि एवढी मोठी कंपनी शेकड्यातली काढून घेते? मी म्हणाले की काढून घेत नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. ते म्हणाले, त्या मोटरवाल्याचीही पद्धत वेगळीच होती.

ॲप काढून टाकू म्हटलं, तर त्यातले निम्मे निघेनात. बहिणीने दाखवलं की हे फक्त बंद करता येतात, काढता येत नाहीत. आबा तिच्या शेजारी बसून ते छोटे छोटे चौकोन बघत होते. आपल्या घरात आलेली वस्तू आपल्याला बाहेर काढता येत नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. मला म्हणाले, "तुझे काका आले तरी चार दिवसांनी जातात."

बहीण हसून लोळली. तिला एकटीलाच या सगळ्याची मजा वाटत होती. आहे त्या जागेत माझं वर्ष निघेल, भरलं तर जुनं पुसेन, असं तिने चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाजारात भाजी उतरवताना आबांनी ही हकीकत शेजारच्या पाटीवाल्यांना सांगितली असावी, कारण एक भाजीवाली मावशी मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "तुझे अठरा मिळाले का गं?"

शेवटी मला एक उदाहरण सुचलं आणि वाटलं, आता सुटले. जेवताना मी आबांना म्हटलं की आपल्या सातबाऱ्यावर जेवढी जमीन आहे तेवढ्या सगळ्या जमिनीत आपण भात लावतो का? बांध आहे, विहीर आहे, पाण्याचा पाट आहे. ती जागा आपलीच, पण तिच्यात पीक येत नाही. म्हणून तिला पोटखराबा म्हणतात. तसाच हा टॅबलेटचा पोटखराबा. बांध आणि विहीर काढली तर शेत चालेल का?

आबा घास हातात धरून विचार करत राहिले. आईसुद्धा थांबली. मग ते म्हणाले, "बरोबर हाय. पन सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा लिवलेला असतो. ह्या खोक्यावर कुठं लिवलाय?"

मी ताट घेऊन उठले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त राग या गोष्टीचा, की ज्या कंपनीशी माझा काडीचा संबंध नाही तिची वकिली मी माझ्या वडिलांपुढे रोज करत होते.

त्या रविवारी ते पांढरा सदरा घालून, खोकं कापडी पिशवीत घेऊन तयार झाले. मी नाही म्हटलं असतं तर एकटे गेले असते. मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. दुकानात गर्दी होती. आबांनी पिशवीतून खोकं काढून काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं की चौसष्ट लिहून शेहेचाळीस का दिले. दुकानदार तरुण होता, पण उद्धट नव्हता. "काका, सगळ्या कंपन्यांचं सेम असतं," तो म्हणाला. आबा म्हणाले की सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. मी मान खाली घालून मोबाइलच्या कव्हरांकडे बघत राहिले. पोटखराब्याचं आबांनी त्यालाही ऐकवलं. जे वापरता येत नाही ते वेगळं लिहायला नको का?

दुकानदाराने खोकं उचललं, पालथं केलं आणि तळाशी बोट ठेवलं. "लिहिलंय ना, काका. हे बघा."

मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी होत्या. आबांनी खोकं माझ्याकडे सरकवलं. "वाच."

मी वाचलं. सांगितलेल्या जागेपैकी काही भाग यंत्रणा आणि आधी भरलेले ॲप व्यापतात, त्यामुळे वापरायला मिळणारी जागा कमी असेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी मराठीत सांगितलं. आबांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दुकानदाराला ते म्हणाले की लिहिलंय तर मग तक्रार नाही, अक्षर तेवढं मोठं घालायला सांगा तुमच्या कंपनीला. त्याने चहा मागवतो म्हटलं, तर नको म्हणाले.

खोकं पिशवीत घालताना त्यांनी मला विचारलं, "तू वाचलं नव्हतंस?"

आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पंधरा दिवस ते खोकं आमच्या कपाटावर होतं. मी मोबाइलवर दहा ठिकाणी शोधलं, हजार आणि एक हजार चोवीस शिकवलं, आणि खोकं उलटं करून पाहिलं नाही.

रिक्षा स्टँडजवळ आल्यावर मी म्हणाले, "नव्हतं वाचलं, आबा. घेताना मला काहीच माहीत नव्हतं. चहा करायला गेले तेव्हा मोबाइलवर बघितलं."

ते चालत राहिले. मोटरची आठवण काढतील असं वाटलं, पण काढली नाही. म्हणाले, "मग तसं बोलायचं. मला वाटलं, म्हाईत असून तू त्यांची बाजू घेतेस. तेच खात होतं मला."

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला, ओटीवर बसले आणि खोकं माझ्यापुढे ठेवलं. सगळं वाच म्हणाले, सगळ्या बाजू. बहिणीने आतूनच हात जोडले आणि पुस्तक घेऊन विहिरीकडे पळाली. मी वाचायला लागले. बॅटरी किती, कॅमेरा किती, आत काय काय वस्तू आहेत, कुठे बनवलं. प्रत्येक ओळीला आबांचा प्रश्न, आणि उत्तर पटेपर्यंत पुढची ओळ नाही. अर्धा तास झाला तरी आम्ही दुसऱ्याच बाजूवर होतो आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिसऱ्या बाजूला फुली मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र आणि त्याखाली काही इंग्रजी अक्षरं, आकडे होते. आबांनी त्यावर बोट ठेवलं. हे काय?

मी खोकं उजेडाकडे धरून ती अक्षरं वाचून बघितली.

"हे मला माहीत नाही, आबा."

"बरं," ते म्हणाले. "पुढचं वाच."