बाटलीत तीन चमचे साखर

घरी बीअर करायच्या किटच्या डब्यावर छापलेली कृती तंतोतंत पाळली की बीअर तयार होते, पण ती कुणाला पाजावीशी वाटत नाही. डब्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, काकवीसारखा घट्ट अर्क असतो. त्यात किलोभर साखर घाला, तेवीस लिटर होईपर्यंत पाणी ओता, झाकणाखालच्या पुडीतलं यीस्ट भुरभुरा आणि आठवड्याने बाटल्या भरा, एवढंच लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा तसंच केलं. जे झालं ते पाणचट होतं आणि त्याला उतरलेल्या सफरचंदाचा वास होता. मी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. मापं बरोबर असून मिश्रण बिघडलं तर चूक कृतीत असते, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

साखर काढून टाकली आणि तिच्या जागी साध्या माल्टचा दुसरा डबा घातला. पाणी दोन लिटर कमी केलं. भाजलेल्या माल्टचे दाणे भरडून मलमलच्या फडक्यात बांधले, गरम पाण्यात अर्धा तास ठेवले आणि ते तांबूस पाणी उकळून मिसळलं. पुडीतलं यीस्ट फेकलं, दुकानातून चांगलं आणलं. गॅरेजमध्ये रात्री गारठा आणि दुपारी ऊब, त्यात यीस्ट धड काम करत नाही, म्हणून पिंप घरात आणून कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. हॉप्स, म्हणजे बीअरला कडसरपणा देणारी वाळकी फुलं, शेवटी घातले, सुगंधासाठी. हे सगळं एका दमात नाही केलं. प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. दोन हिवाळे त्यात गेले, आणि पुष्कळ बीअर सिंकमध्ये. मग एकदाची जमली. चवीला भरदार, कडसर, विकतच्यापेक्षा थोडी जास्त चढणारी.

आमच्या ओळखीतल्या मराठी लोकांच्या बार्बेक्यूला आम्ही ती न्यायला लागलो. माझी पाठ दुखते, त्यामुळे गाडीतून क्रेट नवरा उचलायचा. तेवढ्यावरून बीअर त्याची झाली.

"वहिनी, काय हात आहे तुमच्या नवऱ्याचा!" त्याचा एक मित्र म्हणाला. नवरा इथे शिकायला आला तेव्हापासूनचा हा मित्र, आता तासाभरावरच्या पुकेकोहेला घर घेऊन राहणारा. "तुम्ही घरात हा पसारा कसा काय चालवून घेता?"

"पसारा माझाच आहे. मी करते बीअर."

"हो हो, बाटल्या धुवायला तुम्हीच लागणार!"

सगळे हसले. नवराही हसला, हातातल्या चिमट्याने सॉसेज उलटत. परत येताना गाडीत मी विचारलं, "तू काही बोलला का नाहीस?"

"अगं, गंमत करतात ते."

"आणि तू?"

"बीअर आवडली ना सगळ्यांना? मग झालं तर."

झालं नव्हतं. मला पाठ थोपटून घ्यायची हौस नाही. माझं म्हणणं साधं होतं. माझ्या कामाबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर त्याने ते मला विचारावं. हॉस्पिटलात डॉक्टर औषधाच्या मात्रेबद्दल वॉर्डातल्या पडद्याला विचारत नाहीत, फार्मसीला फोन करतात. इथे प्रश्न नवऱ्याला जायचे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो उत्तरं द्यायचा.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी त्याच मित्राचा फोन आला, अर्थात नवऱ्याला. आमचं बघून त्यानेही घरी बीअर करायला घेतली होती. नवऱ्याने स्पीकर लावला.

"अरे, बॉम्ब फुटतायत गॅरेजमध्ये! तीन बाटल्या गेल्या. कारपर्यंत काचा उडाल्यात. आता काय करू?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी फोन ओढून घेतला. "साखर किती घातली होती?"

"कोण, वहिनी? अहो, ह्यानेच सांगितलं होतं. स्ट्राँग हवी तर बाटलीत साखर वाढव म्हणून. एकेका बाटलीत तीन-तीन चमचे घातले."

मी बाटल्या भरताना प्रत्येकीत एक सपाट चमचा साखर घालते, ते नवऱ्याने लांबून पाहिलं होतं. बाकीचं त्याने स्वतः रचलं.

"गॅरेजचं दार लावून घ्या आणि आत कुणी जाऊ नका," मी म्हणाले. "आम्ही येतो."

तासाभराच्या रस्त्यात मी नवऱ्याला समजावत होते. बीअर किती कडक व्हायची ते पिंपातच ठरतं. तिथे माल्ट वाढवला तर यीस्टला खायला जास्त मिळतं आणि अल्कोहोल वाढतं. बाटलीतली साखर फक्त फेसासाठी असते. बंद बाटलीत ती वाढवली की गॅसला जायला जागा उरत नाही आणि काच फुटते. कुणाच्या डोळ्यात गेली असती तर? तो "हो, बरोबर, चुकलंच" म्हणत गाडी चालवत होता.

मित्र दारात उभा होता, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला.

"आधी बूट घाला," मी म्हणाले.

बागकामाचा चष्मा आणि चामड्याचे हातमोजे मी घरून आणले होते. त्याची बायको ओले टॉवेल घेऊन आली. एकेका बाटलीवर टॉवेल टाकायचा, बूच जरासं उचकटायचं, गॅस जाऊ द्यायचा, मग काढायचं. तिघंही दारापलीकडे उभी राहून बघत होती.

"तुम्हाला कसं माहीत हो हे सगळं?" त्याच्या बायकोने विचारलं.

"मी करते म्हणून. हा फक्त क्रेट उचलतो."

मित्राने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान डोलावली.

"मग वहिनी, आधी सांगायचं ना!" मित्र चक्क चिडला. "माझ्या बाटल्या वाचल्या असत्या."

"सांगितलं होतं. तुम्ही बाटल्या धुण्यावर विनोद केलात."

"ते आम्हाला वाटलं, तुम्हीच गंमत करताय."

मी पुढची बाटली घेतली. फेस टॉवेलमधून मनगटावर आला, चिकट आणि गोड. चिकार साखर अजून तशीच होती. म्हणजे बाटल्या आणखी फुटणारच होत्या. मी मान खाली घालून काम करत राहिले. दोन-चार बाटल्या झाल्यावर मित्राचा आवाज आला, जरा दबका.

"मग स्ट्राँग करायची तर करायची कशी रे?"

"त्याचं असं आहे," नवरा म्हणाला, "कडकपणा पिंपातच ठरतो. माल्ट वाढवायचा. बाटलीतली साखर फक्त फेसासाठी."

माझीच वाक्यं, गाडीतली, अजून गरम.

"अच्छा, असं आहे होय!" मित्र म्हणाला.

मी चष्मा काढला, हातमोजे काढले आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात दिलं. "पाच राहिल्यात. उघड."

"मी?"

"माहीत आहे ना तुला सगळं."

मी बूट दारात काढून स्वयंपाकघरात गेले. मित्राच्या बायकोने चहा टाकला. गॅरेजमधून कुजबुज ऐकू येत होती. आधी हा, मग तो, "टॉवेल नीट धर", "तू धर ना". मग जोरात फस्स झालं आणि दोघं एकदम ओरडले. काच फुटल्याचा आवाज नव्हता, फक्त फेसाचा. मी कान देऊन खात्री केली.

दोन मिनिटांनी मित्र स्वयंपाकघराच्या दारात आला. केसांपासून बुटांपर्यंत बीअर निथळत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "ते बूच आधी कुठल्या बाजूने उचकटायचं? त्याला काही माहीत नाही."

चहा नुकताच कपात ओतला होता. मी त्याला थांबायला सांगितलं, कप संपवला आणि मग उठले.