रुमाल बांधणाऱ्या मावशी

चारकोपच्या एका मसाला कारखान्यात जाहिरातीच्या रील बनवायला मला नोकरीवर ठेवलंय. तिथे मिरची भाजणाऱ्या मावशींचं नाव मी विचारलंसुद्धा नाही. प्रत्येक घाण्यानंतर त्या नाकावरचा रुमाल सोडायच्या, झटकायच्या, पुन्हा घट्ट बांधायच्या.

"मावशी, रुमाल काढा ना. चेहरा दिसायला हवा. झकास हसा!"

त्यांनी रुमालाची घडी कमरेला खोचली. हसल्या आणि खोकत सुटल्या. मग माझ्याकडे निरखून म्हणाल्या, "अरे, मागच्या वर्षी गेटवर 'नाक झाका, फुप्फुसं वाचवा' अशी पत्रकं वाटणारा तूच ना रे? तेव्हापासून बांधते मी."

मेल्यासारखं झालं. पण मोबाइल काही खाली घेतला नाही. म्हणालो, "अजून एकदा, मावशी. या वेळी न खोकता."